पऱ्हाटीवरचे तुडतुडे फवारूनही परत येतात? झाडाचा प्रतिकार कुठे अडतो ते असं शोधा

तक्रार नेहमीची आहे. जुलै संपता संपता पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) पानांच्या कडा पिवळ्या पडतात आणि पानं खाली वळतात. औषध मारलं की चार-पाच दिवस वावर बरं दिसतं, पोळ्यापर्यंत तीच पानं विटकरी होतात. मग दुसरं औषध, मग दोन औषधं एकत्र, मग त्यात टॉनिक. दसऱ्यापर्यंत पाच-सहा फवारण्या होतात, खर्च बसतो आणि तुडतुडे पानाखाली तसेच असतात.

"औषधच नकली होतं" एवढ्यावर बोलणं थांबतं. कधी ते खरंही असतं. पण एक गोष्ट तपासायची राहून जाते: पऱ्हाटी स्वतः किडीला ओळखते आणि तिला उत्तर देते. ते उत्तर युरियाने, दाटीने, चुकीच्या वेळच्या फवारणीने दुबळं केलं, की औषधाला एकट्याला सगळा हंगाम ओढावा लागतो आणि ते त्याच्याने होत नाही. म्हणून खालची तपासणी पंप भरायच्या आधी करा.

आधी कीड नक्की करा

सकाळी वावरात तिरप्या तासांनी (ओळींनी) फिरत वीस झाडं निवडा. धुऱ्याजवळची (बांधाजवळची) पहिली चार-पाच तासं सोडा, तिथे कीड नेहमी जास्त दिसते आणि अंदाज फसतो. प्रत्येक झाडाचं वरचं, मधलं, खालचं एकेक पान हळूच उलटं करा. झटका दिला तर प्रौढ उडून जातात. तुडतुड्याचं पिल्लू फिकट हिरवं असतं आणि बोट जवळ नेलं की तिरपं पळतं. ही तिरपी चाल दुसऱ्या कोणत्या रसशोषक किडीची नाही.

साठ पानांवरची पिल्लं मोजा. पानाला सरासरी दोन ते तीन ही तुडतुड्यांची आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे साठ पानांत १२० ते १८०. चाळीस-पन्नास सापडली तर औषधाची गरज नाही, पाच दिवसांनी पुन्हा मोजा. इतर किडींसाठी आकडे वेगळे आहेत: मावा आणि फुलकिडे पानाला दहा, पांढरी माशी आठ ते दहा प्रौढ.

पान लाल झालं म्हणजे तुडतुडेच, हे गृहीत धरू नका. तुडतुड्यांत लाली कडेपासून आत सरकते आणि पान खाली वळतं. मॅग्नेशियमच्या कमतरतेचा लाल्या असेल तर शिरा हिरव्या राहतात, शिरांमधला भाग लालसर होतो, पान सपाट असतं आणि सुरुवात जुन्या पानांपासून होते. त्याला कीटकनाशकाचा काही उपयोग नाही. मॅग्नेशियम सल्फेट १ टक्का, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला १५० ग्रॅम फवारा. फुलकिड्यांत पान वर वळून वाटीसारखं होतं आणि खालची बाजू चंदेरी चमकते. पान भेंडीच्या पानासारखं लांबट, बोटं फुटल्यासारखं झालं असेल, तर २,४-डी तणनाशकाचा वारा लागला आहे किंवा तणनाशकाचा पंप नीट न धुता वापरला गेला आहे. हा प्रकार दरवर्षी कुठल्या ना कुठल्या वावरात दिसतो आणि त्यावर विनाकारण दोन-तीन फवारण्या होऊन जातात.

झाडाला कीड लागल्याचं कळतं कसं

हे समजलं की पुढची कारणं आपोआप जुळत जातात, म्हणून जरा सविस्तर.

वाऱ्याने पान फाटलं आणि अळीने पान कुरतडलं, यातला फरक झाडाला कळतो. पहिली खूण जखमेची: पेशी फुटली की तिच्यातली जी द्रव्यं बाहेर यायला नकोत ती बाहेर येतात. दुसरी खूण लाळेची. १९९७ साली मक्यावर झालेल्या कामात अळीच्या तोंडातल्या रसातून एक द्रव्य वेगळं काढलं गेलं, त्याला व्होलिसिटिन नाव मिळालं. तेच द्रव्य जखमेवर लावलं की मका विशिष्ट वास सोडू लागतो. नुसत्या जखमेला तसं उत्तर मिळत नाही. चवळीची तऱ्हा आणखी वेगळी आहे. अळी चवळीचं पान खाते तेव्हा पानातल्याच एका प्रथिनाचा तुकडा अळीच्या पोटात तुटून लाळेबरोबर परत येतो आणि चवळी त्या तुकड्यावरून अळी ओळखते. त्याला इनसेप्टिन म्हणतात.

तिसरी खूण थरथरीची. २०१४ साली मोहरीच्या कुळातल्या अॅराबिडॉप्सिस या प्रयोगवनस्पतीला अळी पान खाताना होणारी कंपनं यंत्राने दिली. ज्या झाडांना ती मिळाली होती, त्यांनी नंतर खरी अळी सोडल्यावर जास्त कडू-तिखट द्रव्यं तयार केली. वाऱ्याच्या कंपनांनी तसं झालं नाही.

एका पानावरची बातमी दुसऱ्या पानाला जाते ती कॅल्शियमच्या लाटेने. २०१८ साली त्याच वनस्पतीत ही लाट सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली गेली. जखमेतून ग्लुटामेट सुटतं आणि लाट शिरांवाटे सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर वेगाने पुढे जाते. काही मिनिटांत, न चावलेल्या पानातही जॅस्मोनिक आम्ल वाढायला लागतं. हे आम्ल म्हणजे झाडाची हाकाटी. त्याच्यामुळे पानात अळीचं पचन बिघडवणारी प्रथिनं तयार होतात. टोमॅटो आणि बटाट्यात हे १९७२ सालीच दिसलं होतं: एक पान भुंगेऱ्याने खाल्लं तर बाकीच्या पानांतही ती प्रथिनं साठतात.

पऱ्हाटीत याच्या जोडीला आणखी तीन गोष्टी आहेत, आणि तिन्ही डोळ्यांनी पाहता येतात.

कोवळं पान सूर्याकडे धरा. आत बारीक काळे ठिपके दिसतील. त्या ग्रंथी आहेत, त्यांत गॉसिपॉल आणि त्याच्या जातीची टर्पिन द्रव्यं, म्हणजे किडीला न मानवणारी रसायनं, असतात. अळीने खालची पानं खाल्ली की त्यानंतर फुटणाऱ्या नव्या पानांत हे ठिपके दाट येतात. म्हणजे उत्तर मिळतं, पण नव्या पानात, आणि त्याला साधारण आठवडा लागतो.

पान उलटं करून मधली शीर देठाकडून वर तपासत जा. बोटभर अंतरावर एक छोटी खोलगट खूण सापडेल, बऱ्याचदा तिच्यात चकाकणारा थेंब असतो. ती मधुग्रंथी. फुलाशी तिचा संबंध नाही. पान खाल्लं गेलं की तिच्यातून जास्त मध झिरपतो आणि मुंग्या, क्रायसोपा या मित्रकीटकाचे प्रौढ, गांधीलमाशीच्या जातीचे परोपजीवी कीटक त्यावर येतात.

तिसरा म्हणजे वास. अळी चावल्याबरोबर कापलेल्या गवतासारखा वास सुटतो, तो जखमी पेशींत लगेच बनलेल्या आणि आधी साठवलेल्या द्रव्यांचा. चोवीस तासांनंतर सुटतो तो नव्याने तयार केलेला वास, आणि तो न चावलेल्या पानांतूनही येतो. १९९८ साली तंबाखू, कापूस आणि मका या पिकांवर दाखवलं गेलं की दोन जवळच्या जातींच्या अळ्यांना झाड वेगवेगळा वास सोडतं, आणि परोपजीवी गांधीलमाशी त्यावरून आपली अळी असलेलं झाड शोधून काढते.

आता तुडतुड्यांचा मुद्दा. तुडतुडा चावत नाही, सोंड खुपसून रस ओढतो, आणि त्याची लाळ पानातली अन्नवाहिनी बंद करते. कडा जळतात त्या यामुळेच, नुसता रस गेल्यामुळे नाही. तुडतुड्यांच्या जवळच्या जातीवर अमेरिकेत रानटी तंबाखूत काम झालं आहे. जॅस्मोनिक आम्लाची साखळी मोडलेली झाडं शेतात लावली तर ज्या तुडतुड्यांनी एरवी त्या तंबाखूकडे पाहिलं नसतं, ते त्याच झाडांवर जमले. २०१२ च्या कामात कळलं की ते सोंड टोचून बघतात आणि जिथे झाडाचं उत्तर क्षीण आहे तिथे राहतात.

आपल्या वावरातही हेच तपासण्यासारखं आहे. सगळ्या वावरात तुडतुडे सारखे नसतात, डाग पडतात. पाणी साचणारा खोलगा, युरियाची मूठ जास्त पडलेला कोपरा, तुरीच्या सावलीतली तासं. डागाची जागा लिहून ठेवा. दोषाचं कारण तिथेच सापडतं.

फवारणीनंतर कितव्या दिवशी काय दिसतं

ही एकच तपासणी करा, निम्मा गोंधळ संपतो. फवारणीच्या आदल्या दिवशी पाच झाडांना कापडाची चिंधी बांधा आणि त्याच झाडांवर मोजा.

तिसऱ्या दिवशी मोठी, अंगाने भरलेली पिल्लं जिवंत असतील, तर एकतर औषध पानाखाली पोचलं नाही किंवा तुडतुडे त्या औषधाच्या गटाला (एकाच तऱ्हेने मारणाऱ्या औषधांना) सरावले आहेत. दोन्हींत फरक करायला वरचं आणि खालचं एकेक पान घ्या. वरच्या झुबक्यात पिल्लं मेली आणि खालच्या, दाट भागात जिवंत असतील, तर दोष फवाऱ्याचा. सगळीकडे सारखीच जिवंत असतील, तर दोष औषधाचा.

तिसऱ्या दिवशी पानं स्वच्छ, पण सहाव्या ते आठव्या दिवशी भिंगाखाली बारीक, जेमतेम दिसणारी पिल्लं आली, तर औषध चाललं होतं. तुडतुड्याची मादी पानाच्या शिरेच्या आत अंडी घालते, तिथे फवारा पोचत नाही. अंडी चार ते अकरा दिवसांत फुटतात. यावेळी लगेच दुसरं औषध मारणं म्हणजे पैसे घालवणं. पातळी ओलांडली तरच मारा, आणि तेही वेगळ्या गटातलं.

पिल्लं कमी पण पंखवाले प्रौढ एकदम जास्त दिसले, तर ते बाहेरून येत आहेत. शेजारची भेंडी, वांगी आणि धुऱ्यावरची पेटारी तपासा. पेटारी पऱ्हाटीच्याच कुळातली, तिच्यावर तुडतुडे आरामात वाढतात. धुरा फुलाआधी साफ केला तर एक फवारणी वाचते.

प्रतिकार कुठे अडतो

पहिला संशय युरियावर घ्या. कोरडवाहू बीटी कपाशीला हेक्टरी ६०:३०:३० किलो नत्र, स्फुरद, पालाश पुरतं. एकरात बसवलं तर नत्र २४ किलो, स्फुरद १२, पालाश १२. स्फुरद डीएपीतून दिलं तर २६ किलो डीएपी लागतं, त्यातून पावणेपाच किलो नत्र मिळतंच. उरलेल्यासाठी युरिया ४२ किलो, म्हणजे ४५ किलोची एक गोणीही पूर्ण लागत नाही. तोही पेरणीवेळी आणि तिसाव्या दिवसाच्या आसपास विभागून द्या. वावरात प्रत्यक्ष दोन-अडीच गोण्या जातात, पालाश मात्र शून्य. जास्त नत्राने पान मऊ आणि गर्द हिरवं होतं, रसात अमिनो आम्लं वाढतात, तुडतुड्यांना ते आवडतं. आणि जास्त नत्रावरच्या कापसात किडीने चावल्यावर सुटणारा वासही कमी होतो, म्हणजे मित्रकीटकांना निरोप जात नाही. युरिया जास्त गेलाच असेल तर तो परत काढता येत नाही. पुढची मात्रा पूर्ण बंद करा, पालाश राहिलं असेल तर एकरी २० किलो म्युरिएट ऑफ पोटॅश ओलीवर द्या.

दुसरा संशय दाटीवर. झाडं एकमेकांत गेली की खालच्या पानांवर पडणाऱ्या उजेडात लाल रंगाचा भाग कमी होतो. झाड त्यावरून शेजारी ओळखतं आणि ताकद उंच वाढण्याकडे वळवतं. तेव्हा जॅस्मोनिक आम्लाला मिळणारं उत्तर मंदावतं. दाट पऱ्हाटीत खालची पानं आधी विटकरी होतात, त्यात सावलीचाही वाटा आहे. भारी काळ्या जमिनीत लांब फांद्यांचं वाण जवळ लावू नका. उभ्या पिकात यावर उपाय थोडा: ३० ते ४० दिवसांच्या आत तण आणि जादा रोपं काढा, डवरणी वेळेवर करा. नंतर शेंडा खुडून उजेड आत येऊ दिला तरी थोडा फायदा होतो.

पाणी साचणं हाही मोठा दोष. मुळं गुदमरली की झाड आधीच बेजार असतं. दोन तासांआड सर काढली तर खोलग्यातला डाग पुढच्या पावसात लहान होतो. पावसाचा मोठा खंड पडला तर त्याच पानांत साखर आणि अमिनो आम्लं साचतात, तेव्हा फुलकिडे डोकं वर काढतात. खंडात युरियाची फवारणी करू नका.

चौथा दोष आपण स्वतः लावतो, तो पहिल्या साठ दिवसांतल्या फवारण्यांचा. बीटी बियाणं बहुतेक वेळा इमिडाक्लोप्रिड लावूनच येतं, त्याचं संरक्षण महिना-सव्वा महिना टिकतं. या काळात वावरात क्रायसोपा, ढालकिडे, कोळी वाढत असतात. पिकाचा शेंडा हिरवागार राहावा म्हणून याच काळात सिंथेटिक पायरेथ्रॉइड मारलं जातं, पूर्वी मोनोक्रोटोफॉसही मारलं जायचं. मित्रकीटक मरतात, आणि झाड मधुग्रंथी उघडून ज्यांना बोलावतं तेच येत नाहीत. पायरेथ्रॉइडनंतर पांढरी माशी उसळते हे कापसाच्या प्रत्येक जुन्या भागात दिसलेलं आहे. इमिडाक्लोप्रिडच्या गटाबद्दल आणखी एक गोष्ट: कापूस, मका आणि टोमॅटोत या गटातल्या औषधांमुळे झाडाच्या स्वतःच्या प्रतिकाराची काही जनुकं मंदावतात आणि लाल कोळी वाढतात, हे २०१३ च्या कामात दिसलं. बियाणं याच गटाने माखलेलं असताना पहिल्या फवारणीला पुन्हा इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम किंवा अॅसिटामिप्रिड घेणं चुकीचं आहे. तिन्ही एकाच गटातली, नाव बदललं तरी तुडतुड्याला तेच विष.

पाचवा दोष मिश्र किडीचा. पांढऱ्या माशीच्या लाळेमुळे झाडात सॅलिसिलिक आम्ल वाढतं आणि ते जॅस्मोनिक आम्लाची साखळी दाबतं, हे अॅराबिडॉप्सिसमध्ये २००७ साली दाखवलं गेलं. सॅलिसिलिक आम्लाची साखळी विषाणू आणि काही बुरशी यांच्यासाठी असते, माशी तिचाच गैरफायदा घेते. पांढरी माशी आधी वाढली असेल तर अळ्यांविरुद्धचं उत्तर क्षीण असणार, म्हणून तिथे डोळे जास्त उघडे ठेवा. पिवळे चिकट सापळे एकरी दहा-बारा लावा, झाडाच्या शेंड्याच्या उंचीवर, आणि झाड वाढेल तसे वर सरकवत जा.

आणि बीटीचं काय? बीटीचं विष झाडात सतत असतं, हल्ला ओळखून तयार होत नाही. ते अळ्यांवर चालतं, रस शोषणाऱ्यांवर नाही. २०१३ साली एक लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट छापून आली: बीटी कापसावर अळ्यांनी कमी चावा घेतल्याने झाडात टर्पिन द्रव्यं कमी तयार होतात आणि त्याचा फायदा माव्याला होतो. अळीचा त्रास कमी झाला म्हणून रसशोषकांचा वाढला, याला हे एक कारण असू शकतं, पण काचघरात दिसलं तितकं ते शेतात स्पष्ट दिसलं नाही. बीटीला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. बीटी पेरलं म्हणजे रसशोषकांकडे पाहायची गरज उरत नाही, हा समज मोडण्यासाठी सांगतो.

वाणाबद्दल एकच. पानाची खालची बाजू तिरप्या उन्हात धरा. लांब आणि दाट लव असेल तर तुडतुड्याला अंडी घालायला आणि सोंड खुपसायला अडचण होते. गुळगुळीत पानाचं वाण तुडतुड्यांच्या भागात घेऊ नका. उलट लवदार पानावर पांढरी माशी जास्त बसते. ज्या गावात पांढरी माशीच मोठी, तिथे मध्यम लवदार वाण घ्या.

उभ्या पिकात करायचं काम, क्रमाने

मोजणीत पातळीच्या खाली असाल तर निंबोळी अर्क ५ टक्के. पाच किलो वाळलेल्या निंबोळ्या जाड कुटा, नऊ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. एक लिटर पाण्यात २०० ग्रॅम कपड्याचा साबण वेगळा विरघळवा. सकाळी अर्क दुहेरी कपड्यातून गाळा, साबणाचं पाणी मिसळा आणि एकूण १०० लिटर करा. एकरी २०० लिटर लागतं, म्हणून दुप्पट करा. त्याच दिवशी वापरा, शिळा अर्क कमजोर पडतो. संध्याकाळी मारा, उन्हात निंबोळीचं द्रव्य लवकर फुटतं. हा अर्क तुडतुडे लगेच मारत नाही. पिल्लांची कात अडवतो आणि खाणं कमी करतो, म्हणून परिणाम पाचव्या-सहाव्या दिवशी मोजा.

पातळी ओलांडली तरच रासायनिक. बियाण्याच्या गटाहून वेगळा गट निवडा. फ्लोनिकॅमिड ५० टक्के डब्ल्यूजी हेक्टरी १५० ग्रॅम, म्हणजे एकरी ६० ग्रॅम २०० लिटर पाण्यात, १५ लिटरच्या पंपाला साडेचार ग्रॅम. किटली-झाकणाने मोजू नका, ग्रॅमचा छोटा काटा घ्या. लेबलवर कापूस आणि तुडतुडे दोन्ही छापलेले आहेत का ते वाचा, बिल घ्या. पेट्रोल पंप वापरत असाल तर पाणी कमी लागतं, तेव्हा पंपातल्या पाण्याला एकरी मात्रेच्या हिशोबाने औषध घ्या. हाताच्या पंपाचं प्रमाण तसंच उचललं तर औषध अर्धवट जातं, आणि तुडतुडे सरावतात ते अशा अर्धवट मात्रेनेच.

फवाऱ्याला हॉलो कोन नोझल, दांडी खालून वर. पान खालून ओलं झालं की नाही हे फवारतानाच एक-दोन पानं उलटून पाहा. कोरडं असेल तर चाल कमी करा. दोन कीटकनाशकं, बुरशीनाशक आणि टॉनिक एकाच पंपात मिसळू नका. टॉनिकने झाडाला प्रतिकार येतो असं सांगून विकलं जातं. झाडाचं उत्तर उभं करायला लागणारी सामग्री म्हणजे उजेड, योग्य नत्र, पालाश आणि हवेशीर मुळं, आणि ती बाटलीत येत नाही.

अंगावर पूर्ण कपडे, हातमोजे, तोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा, हे ऐच्छिक नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पऱ्हाटी छातीच्या वर गेली की फवारा तोंडाच्या पातळीवर येतो, वारा पाठीवर घेऊन मागे सरकत फवारा. दुपारच्या उन्हात अजिबात नको. चक्कर, घाम, डोळ्यांची बाहुली बारीक झाली तर त्या क्षणी काम सोडा आणि औषधाचा डबा घेऊन दवाखाना गाठा. डब्यावरचं लेबल डॉक्टरला हवं असतं.

पुढच्या हंगामासाठी दोन कामं. पऱ्हाटीच्या कडेने मका आणि चवळी यांची दोन तासं घ्या, त्यांवर मावा येतो आणि मित्रकीटक तिथे आधी वाढतात. तो मावा सहसा पऱ्हाटीवर जाणाऱ्यातला नसतो, म्हणून त्या तासांवर फवारू नका. आणि फरदड (हंगाम संपल्यावर राखलेली पऱ्हाटी) ठेवू नका, डिसेंबरअखेर पऱ्हाट्या उपटा.

हे निदान जिथे लागू होत नाही

गुलाबी बोंडअळीला वरचा हिशोब लावू नका. अळी अंड्यातून निघून लवकरच कळीत किंवा बोंडात शिरते, बाहेरच्या पानाला बातमी मिळेपर्यंत ती आत गेलेली असते. बोंडाच्या आतल्या भिंतीवर झाड गाठी धरतं, पण अळी आत बियांपर्यंत पोचते. म्हणून तिथे झाडावर भिस्त ठेवता येत नाही. एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे), पेरणीनंतर चाळीस-पंचेचाळीस दिवसांपासून. सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग किंवा शंभरात दहा फुलं डोमकळी (पाकळ्या न उघडता मिटून राहिलेली) झालेली दिसली, की उपाय सुरू करा. डोमकळ्या रोज वेचून खड्ड्यात पुरा. बोंडअळीची अंडी नष्ट करणाऱ्या ट्रायकोग्रामा बॅक्ट्री या परोपजीवी कीटकाचे ट्रायकोकार्ड एकरी साठ हजार अंड्यांच्या हिशोबाने पानाखाली टाचा, आणि त्यानंतर किमान आठवडाभर रासायनिक फवारणी नको.

हरभऱ्यात मात्र झाडाचं हत्यार उघड्यावर असतं. सकाळी पानावर जी आंब असते, ती मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लाची. हिवाळ्यात पांढऱ्या फडक्याने दवाबरोबर ती गोळा करण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. ऑक्झॅलिक आम्ल घाटे अळीची वाढ खुंटवतं. फुलोऱ्यात तुषार लावला की ही आंब धुऊन जाते, आणि तुषारानंतर अळी वाढली अशी तक्रार येते ती यामुळेही. फुलोऱ्याआधी एक आणि घाटे भरताना एक पाणी सरीने द्या. तुषारच असेल तर फुलोऱ्याचे दिवस टाळा. एका मीटर तासात एक-दोन अळ्या दिसल्या तर एकरी वीस पक्षी थांबे उभे करा आणि एचएएनपीव्ही (घाटे अळीला रोग करणारा विषाणू) हेक्टरी ५०० एलई (एक एलई म्हणजे विषाणूने मेलेल्या एका अळीइतकी मात्रा), म्हणजे एकरी २०० एलई, संध्याकाळी फवारा. अळी लहान असतानाच ते चालतं. बोटाच्या पेराएवढी झाली की विषाणू लागून मरेपर्यंत ती घाटे पोखरून मोकळी होते.